गाडीचा पिवळा दिवा लागला : कोड वाचणारं यंत्र घ्यावं का, आणि कोणतं?

*सभासद सल्ला – घरची गाडी*



सोयाबीन सोंगणीचे दिवस जवळ आले. मजूर आणणं, डिझेलच्या कॅन भरून आणणं, थ्रेशरचा पट्टा तुटला तर तालुक्याला पळणं, आणि शेवटी पोती भरून बाजार समितीत जाणं, सगळं घरच्या गाडीवर. नेमक्या अशा वेळी मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गाडी चालते, पण जोर कमी. गॅरेजवाला म्हणतो, "सेन्सर गेला असंल, टाकून पाहू." सेन्सर टाकला, दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागला. मग दुसरा सेन्सर. हंगामात हा खर्च आणि त्याहून जास्त तो गेलेला दिवस परवडत नाही.

दिवा काहून लागला हे गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतः नोंदवून ठेवलेलं असतं. ती नोंद म्हणजे कोड, आणि तो वाचणारं छोटं यंत्र म्हणजे ओबीडी स्कॅनर किंवा कोड रीडर. बऱ्याच सभासदांनी विचारलं की हे घ्यावं का. उत्तर सगळ्यांना सारखं नाही. काही घरांना ते घेऊन एका रुपयाचाही उपयोग नाही, म्हणून आधी तेच पाहू.

*तुमच्या गाडीला ते चालतं का?*

फक्त गाडीचं साल पाहून ठरवू नका. बीएस-४ चारचाकींना ओबीडीचा पहिला टप्पा १ एप्रिल २०१० पासून आणि दुसरा १ एप्रिल २०१३ पासून लागू झाला. पण त्या वेळी बीएस-४ मुंबई, पुणे, सोलापूर अशा ठराविक शहरांनाच सक्तीचं होतं. आपल्या भागात बीएस-३ गाड्या त्यानंतरही विकल्या जात होत्या. देशभर बीएस-४ सक्तीचं झालं ते १ एप्रिल २०१७ पासून, आणि बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून. म्हणून एमएच-३७ पासिंगची २०१४ ची पिकअप आणि त्याच साली पुण्याहून आणलेली कार यांत फरक असू शकतो. कारला कोड असतील, पिकअपला कॉम्प्युटरच नसेल.

एप्रिल २०१७ नंतरची कार, जीप, पिकअप किंवा छोटा हत्ती असेल तर यंत्र चालणार. २०१० ते २०१७ मधली असेल तर आरसीवर बीएस-३ लिहिलंय की बीएस-४ ते पाहा. लिहिलेलं नसेल तर गॅरेजवाल्याच्या स्कॅनरवर एकदा लावून बघा. २०१० च्या आधीच्या गाडीसाठी पैसे घालू नका. काही जुन्या पेट्रोल कारमध्ये हुबेहूब तसाच सॉकेट असतो, पण आतली भाषा त्या कंपनीची स्वतःची असते. स्वस्त यंत्राला ती कळत नाही.

सॉकेट शोधायचा तर ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि स्टेअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर हात घाला. सोळा छिद्रांचा, दोन ओळींचा, वरून रुंद आणि खाली अरुंद असा तो असतो. काही गाड्यांत त्यावर प्लास्टिकचं झाकण असतं.

ट्रॅक्टरबद्दल सगळ्यात जास्त विचारणा झाली. सरळ सांगतो, ट्रॅक्टरसाठी हे यंत्र घेऊ नका. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला टीआरईएम-४ हे प्रदूषण मानक १ जानेवारी २०२३ पासून लागू झालं आणि त्यानंतर त्यांत कॉम्प्युटरवर चालणारी डिझेल यंत्रणा आली. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर ५० एचपीच्या आतले, साध्या मेकॅनिकल पंपाचे. तिथं वाचायला कोडच नाही. मोठ्या नव्या ट्रॅक्टरची भाषा कारपेक्षा वेगळी असते, त्याला कंपनीचाच स्कॅनर लागतो.

मोटारसायकलचंही जवळपास तसंच. एप्रिल २०२० नंतरच्या बाइकला इंजिनचा दिवा असतो, पण सॉकेट बहुधा लहान असतो, त्यासाठी वेगळी जोडतार घ्यावी लागते, आणि ती घेऊनही काही बाइक बोलतात, काही बोलत नाहीत. फक्त बाइकसाठी म्हणून यंत्र घेण्यात अर्थ नाही.

*कोणत्या प्रकारचं घ्यावं?*

बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिला म्हणजे काडेपेटीएवढा ब्लूटूथचा डबा. तो सॉकेटमध्ये खोचायचा आणि मोबाइलवर ॲप उघडायचं. साधारण पाचशे ते हजार रुपयांत येतो. दुसरा तारेचा, स्वतःचा छोटा पडदा असलेला, हातात धरायचा रीडर. साधारण दीड हजारापासून चार हजारांपर्यंत. तिसरा गॅरेजवाल्यांचा मोठा स्कॅनर, जो दहा-वीस हजारांपासून पुढे जातो. हा तिसरा घरासाठी नाही. ऑनलाइन भाव रोज बदलतात, तेव्हा हे आकडे अंदाज म्हणून धरा.

घरात एकच चारचाकी असेल आणि मोबाइलवर ॲप टाकणारं पोरगं किंवा पोरगी घरात असेल तर ब्लूटूथचा डबा पुरे. दोन-चार घरांत मिळून वापरायचा असेल, किंवा वापरणाऱ्याला मोबाइलची कटकट नको असेल, तर तारेचा घ्या. त्याला जोडणी नाही, पासवर्ड नाही, चार्जिंग नाही. गाडीच्याच बॅटरीवर चालतो. आमचं मत विचाराल तर प्रत्येक घरी एक घेण्यापेक्षा गटात मिळून तारेचा एक चांगला घ्यावा. वर्षातून दोन-तीनदाच काम पडतं.

यंत्र कोणतंही असो, त्यात "लाइव्ह डेटा" हवाच. म्हणजे इंजिन चालू असताना तापमान, बॅटरीचे व्होल्ट, फेरे हे आकडे दिसले पाहिजेत. नुसता कोड दाखवणारा आणि पुसणारा रीडर शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. का, ते पुढे उंदराच्या गोष्टीत कळेल. "फ्रीज फ्रेम" असेल तर उत्तम. दिवा लागला त्या क्षणी गाडीचा वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, याचा तो फोटोच समजा.

ब्लूटूथच्या डब्यावर "ईएलएम ३२७" लिहिलेलं असतं. ही मुळात कॅनडातल्या एका छोट्या कंपनीची चिप. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली आणि बाजारात स्वस्तात येतात त्या बहुतेक नकला. त्यामुळे डब्यावर १.५ छापलंय की २.१, यावर वाद घालत बसू नका. नकला चालतात, पण काही नकलांत जुन्या भाषा गाळलेल्या असतात. मग होतं काय, डब्याचा लाइट लागतो, मोबाइल जोडला जातो, आणि ॲप म्हणतं गाडीशी संपर्क होत नाही. २०१७ च्या आधीच्या गाड्यांत हे जास्त घडतं.

म्हणून खरेदीचा एकच नियम पाळा. परत घेणाऱ्याकडूनच घ्या आणि आला त्याच दिवशी स्वतःच्या गाडीला लावून बघा. चावी ऑन करून कोड वाचतो का, इंजिन चालू करून फेऱ्यांचा आकडा हलतो का. नाही हलला तर खोकं फेकायच्या आधी परत पाठवा. गावात दुसऱ्याच्या गाडीला चालला म्हणून तुमच्या गाडीला चालेलच असं नाही.

आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ डबा चालत नाही, आयफोनला चालतो असं स्पष्ट लिहिलेला किंवा वायफायचा घ्यावा लागतो. ॲपसाठी प्ले स्टोअरवर टॉर्क किंवा कार स्कॅनर शोधा. फुकटातलं पुरेसं आहे. आणि कृपा करून व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून कोणतीही एपीके फाइल टाकू नका. आरटीओ चलनाच्या नावाने अशा फाइल पाठवून लोकांची खाती रिकामी केल्याचे प्रकार झालेले आहेत. या सल्ल्यासोबत आम्ही कोणतीही लिंक पाठवलेली नाही, पाठवणारही नाही.

अजून एक फसवणूक. अगदी याच आकाराची "मायलेज वाढवणारी चिप" विकायला येते. सॉकेटमध्ये खोचली की लाइट लुकलुकतो, बस. ती काही वाचत नाही आणि काही वाचवतही नाही.

*दिवा लागला तर आधी काय?*

पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर घाबरायचं नाही, घरी जाऊन वाचा. पिवळा दिवा लुकलुकत असेल आणि पेट्रोल गाडी हिसके देत असेल, तर वेग कमी करून बाजूला घ्या. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता सायलेन्सरकडे जातंय आणि तिथला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो. लाल दिवा, म्हणजे ऑइलचा किंवा तापमानाचा, लागला तर कोड वाचत बसू नका. इंजिन बंद करा. पातूरच्या घाटात भरलेली पिकअप तापली असताना "आता जवळच आहे" म्हणून ओढण्यात इंजिन जातं.

यंत्र लावायची पद्धत सोपी. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चावी बंद. यंत्र खोचा, मग चावी ऑन. कोड आले की *पुसायच्या आधी* स्क्रीनशॉट काढा, तारेच्या रीडरचा मोबाइलने फोटो घ्या. फ्रीज फ्रेमचाही घ्या. हे महत्त्वाचं आहे, कारण कोड पुसला की ती सगळी नोंद जाते आणि मिस्त्रीच्या हातात काही राहत नाही. पुसल्याने बिघाड दुरुस्त होत नाही. बिघाड असेल तर दिवा थोड्या वेळात किंवा दोन-चार दिवसांत परत येतो. इंजिन चालू ठेवून बघायचं असेल तर गाडी बंद शेडच्या बाहेर घ्या. चालत्या गाडीत आकडे बघायचे असतील तर शेजारी बसलेल्याने बघावेत.

काम झालं की यंत्र काढून ठेवा. त्या सॉकेटला चावी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो. डबा खोचलेला राहिला आणि गाडी चार-आठ दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरते.

*कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे*

यंत्र घेऊनही बहुतेक पैसे इथंच वाया जातात. कोड सांगतो की कोणत्या जागेवरून तक्रार आली. तिथला पार्ट बदला असं तो म्हणत नाही. गावातल्या वीज बिघाडासारखं समजा. घरात लाइट नाही याचा अर्थ बल्बच गेला असं नाही; फ्यूज असेल, तार तुटली असेल, डीपीच बंद असेल.

उदाहरणार्थ पी०११३. (पडद्यावर इंग्रजी पी आणि चार आकडे असे दिसतात.) अर्थ असा की इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्ट जास्त. मिस्त्री म्हणणार, सेन्सर बदला. त्याआधी लाइव्ह डेटामध्ये हवेचं तापमान बघा. ते मायनस ४० दाखवत असेल, आणि बाहेर वाशीमचं ऊन असेल, तर बहुधा सेन्सरपर्यंत करंटच पोचत नाही. म्हणजे पिन निघालेली आहे नाहीतर वायर तुटलेली आहे. बोनेट उघडा. गाडी गोडाऊनजवळ किंवा कुटाराच्या ढिगाशेजारी उभी राहत असेल तर उंदराने वायर कुरतडलेली सापडण्याची शक्यता चांगलीच आहे. दहा रुपयांची इन्सुलेशन टेप आणि नीट मारलेला जोड, एवढ्यात काम होतं. नुसता कोड दाखवणारा रीडर असता तर मायनस ४० दिसलंच नसतं, आणि चांगला सेन्सर काढून नवा बसला असता.

तापमानाचे सेन्सर तपासायची एक साधी युक्ती आहे. रात्रभर थंड झालेल्या गाडीची सकाळी चावी फक्त ऑन करा, इंजिन चालू करू नका. पाण्याचं म्हणजे कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान, दोन्ही आकडे जवळपास सारखे पाहिजेत. एक २४ आणि दुसरा ७० दाखवत असेल तर चुकीचा कोणता हे तुम्हीच सांगू शकता.

डिझेल पिकअपला पी००८७ आला, म्हणजे रेलमध्ये डिझेलचा दाब कमी. हा कोड ऐकून "पंप गेला" म्हणणारे भेटतील, आणि कॉमन रेलचा पंप व इंजेक्टर हे खिशाला मोठं भोक पाडणारं काम आहे. आधी डिझेल फिल्टर. शेवटचा कधी बदलला? कॅनमधलं, ड्रममधलं डिझेल घालत होता का? फिल्टरच्या तळाला पाणी साचलं आहे का? नळीतून हवा ओढते का? हे सगळं पाहून झाल्यावर पंपाकडे वळा, आणि तेव्हाही दाब मोजून.

पेट्रोल गाडीला पी०३०१ आला तर पहिल्या नंबरचा सिलिंडर नीट पेटत नाही, पी०३०२ म्हणजे दुसरा. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर खर्च न करता तपासता येतं. इंजिन बंद आणि थंड असताना पहिली आणि दुसरी कॉइल आपसांत बदला, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी०३०२ आला तर कॉइल खराब. पी०३०१ च राहिला तर कॉइल ठीक, प्लग किंवा इंजेक्टरकडे बघा. कोणता सिलिंडर पहिला हे मिस्त्रीला विचारून घ्या. नंतरून गॅस किट बसवलेल्या गाडीत पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हा कोड किटचं सेटिंग बिघडल्यानेही येतो, तेव्हा आधी किटवाल्याकडे जा.

एकदम चार-पाच वेगवेगळे कोड आले तर पहिल्यांदा बॅटरी बघा. इंजिन बंद असताना साधारण साडेबारा व्होल्ट आणि चालू असताना बहुतेक गाड्यांत साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. बॅटरी मरायला टेकली किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार बसला की गाडी भलत्याच तक्रारी नोंदवते.

पी नंतर शून्य असेल तर तो सगळ्या कंपन्यांचा सामाईक कोड. एक असेल तर कंपनीचा खास, आणि त्याचा अर्थ ॲप चुकीचाही दाखवू शकतं. तो कंपनीच्या माहितीतच बघावा. एबीएस आणि एअरबॅगचे कोड स्वस्त यंत्र सहसा वाचत नाही. एअरबॅगच्या वायरिंगला घरी हात लावूच नका.

*जुनी गाडी घेताना*

आमच्या मते या यंत्राचा सगळ्यात मोठा फायदा इथं आहे. हंगामाचा पैसा आला की अकोला, अमरावतीहून जुनी पिकअप किंवा कार आणली जाते. विकणारा सकाळीच कोड पुसून गाडी उभी करतो आणि दिवा विझलेला असतो.

सौद्याच्या आधी तीन गोष्टी करा. चावी ऑन केल्यावर पिवळा दिवा क्षणभर लागतो का ते बघा. सुस्थितीतल्या गाडीत तो लागतो आणि इंजिन चालू झालं की विझतो. लागतच नसेल तर कुणीतरी बल्ब काढलेला किंवा दिव्यावर पट्टी चिकटवलेली असू शकते. मग यंत्र लावून "कोड पुसल्यानंतरचे किलोमीटर" हा आकडा शोधा. सगळ्या गाड्या तो देत नाहीत, पण बऱ्याच देतात. तिथं ६ किलोमीटर दिसलं तर विचारा की काल-आज काय पुसलं? बॅटरी बदलल्यानेही काही गाड्यांत हा आकडा शून्यावर येतो, तेव्हा लगेच आरोप करू नका, पण बॅटरीचं बिल मागा. शेवटी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर, थोडा चढ असलेल्या रस्त्यावर फिरवा आणि कोड परत वाचा. "पेंडिंग" नावाचा वेगळा रकाना असतो. दिवा लागायच्या आधीची तक्रार तिथं आधी दिसते. यंत्र लावू देत नाही म्हणणाऱ्याची गाडी सोडून द्या, गाड्या पुष्कळ आहेत.

गाडीच्या कोडबद्दल कंपनीच्या या नंबरवर विचारायचं असेल तर गाडीचं मॉडेल, साल, पेट्रोल की डिझेल, बीएस-४ की ६, कोडचा आणि फ्रीज फ्रेमचा स्क्रीनशॉट, आणि गाडीला नेमकं काय होतंय ते दोन ओळींत लिहा. नंबर प्लेट आणि आरसीचा फोटो पाठवू नका, त्याची गरज नाही. व्हॉइस मेसेज चालेल, पण इंजिन बंद करून बोला, नाहीतर काही ऐकू येत नाही.